दोघींची तारिणी

शिडाच्या नौकेवर दोनच माणसे असली, की महासागरात त्यांतले एक जण बहुतेक वेळ एकटेच असते. एक जागे, दुसरे झोपलेले. दुसरे उठले की पहिले आडवे. जेवण, शीड बदलणे आणि वादळ एवढ्याच वेळी दोघे एकत्र येतात. अशा प्रवासाला दर्यावर्दी डबल-हँडेड म्हणतात. युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी नवरा-बायकोंनी तो केला आहे. भारतातला सर्वांत गाजलेला दुहेरी प्रवास मात्र नौदलातल्या दोन अधिकाऱ्यांच्या नावावर आहे: कोझिकोडच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि पुदुच्चेरीच्या लेफ्टनंट कमांडर रूपा अळगिरीसामी. २ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘तारिणी’ या नौकेतून त्या गोव्याहून निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून गोव्यालाच लागल्या. वाटेत फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन ही चारच बंदरे. मोहिमेचे अधिकृत नाव ‘नाविका सागर परिक्रमा २’. दोघींच्या नावांची अक्षरे जुळवून केलेले ‘दिलरू’ हे जोडनाव मात्र जास्त चालले.

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीहून समुद्र सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरच्या पुढे आहे आणि मध्ये सह्याद्री आडवा. तालुक्यातली मुले पोहायला शिकतात ती विहिरीत, कमरेला डबा बांधून. ज्वारी-तुरीच्या या मुलखात शीड, डोलकाठी, सुकाणू हे शब्द पुस्तकातच भेटतात. तरीही भारतीयांच्या शिडाच्या पृथ्वीप्रदक्षिणांचा धागा अशाच एका कोरड्या गावातून निघतो. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात, फलटणजवळच्या विंचुर्णीला राहत. फलटणचा हा पट्टा आणि बार्शी, दोन्ही पर्जन्यछायेतले. १९७१च्या युद्धात वीरचक्र मिळवलेल्या या दर्यावर्दीने भारतीयाने शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीला फेरी घालावी ही कल्पना नौदलापुढे मांडली आणि ती तडीस जाईपर्यंत पिच्छा सोडला नाही. कमांडर दिलीप दोंदे यांनी ती २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या नौकेतून, मुंबईहून निघून मुंबईला परत येत पुरी केली. २०१२-१३ मध्ये नौदलाचेच अभिलाष टॉमी कुठेही न थांबता फिरून आले. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी ‘तारिणी’तून गेल्या. सहांवरून दोन, हा पुढचा टप्पा. सहा जणींत एक आजारी पडली तर पाच उरतात; दोघींत एक पडली तर दुसरीला झोपच उरत नाही.

‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या सख्ख्या बहिणी. दोन्ही रत्नाकर दांडेकर यांच्या गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या कारखान्यात बांधल्या गेल्या. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की दिवाडी लागते. भातखाचरे, चर्च, खारफुटी आणि घराघरांत दुपारचे शीत-कडीचे जेवण. जगाला फेरी घालणारी नौका इथे तयार होते हे पाहूनही खरे वाटू नये असे हे शांत गाव आहे. ‘तारिणी’ १७ मीटर लांब, म्हणजे ५६ फूट. डच आराखडा, आत लाकूड, वरून काचतंतूंचे आवरण, डोलकाठी सुमारे २५ मीटर. नाव ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यातल्या तारा-तारिणी देवीचे. फेब्रुवारी २०१७ मध्ये ती नौदलात आली.

गोव्याहून ऑक्टोबरात निघणाऱ्या नौकेला पहिला त्रास होतो तो वारा नसण्याचा. वादळांच्या गोष्टी रंगवून सांगितल्या जातात, पण निर्वात समुद्र माणसाला जास्त छळतो. नैर्ऋत्य मोसमी वारे परतलेले असतात आणि ईशान्येकडचे अजून जोर धरायचे असतात. शीड लोंबकळते, लाटेबरोबर डोलकाठी हलते आणि दोर ताणून-सैलावून झिजतात. विषुववृत्ताजवळ कधी काळा ढग येऊन पंधरा मिनिटे झोडपून जातो, मग पुन्हा स्तब्धता. विषुववृत्त ओलांडून आग्नेय व्यापारी वारे मिळाले की नौका कलते आणि चालू लागते. मग सगळे आयुष्य कललेले: झोपायच्या फळीला कापडाची आड बांधावी लागते, शेगडी खुंट्यांवर झुलती असते, भांडे धरल्याशिवाय चहा होत नाही.

याच टप्प्यात आकाश बदलते. बार्शीत ध्रुवतारा उत्तरेला क्षितिजापासून सुमारे १८ अंशांवर असतो; विषुववृत्तावर तो क्षितिजाला टेकतो आणि पुढे दिसेनासा होतो. त्याच्या बदल्यात अगस्त्य वर चढत जातो. बार्शीतून हिवाळ्याच्या रात्री तो दक्षिणेला जेमतेम १९ अंशांपर्यंत येतो, म्हणजे जवळजवळ ध्रुवाइतकाच. दक्षिणेकडे जाणाऱ्या नौकेवर तो रोज थोडा उंच दिसतो. समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषीचे नाव या ताऱ्याला देणाऱ्यांनी दक्षिण समुद्राकडेच पाहिले असणार.

पाणी आणि अन्न यांची गोष्ट इथेच सांगितलेली बरी. लिटरभर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पंपाच्या दाबाने पडद्यातून गाळून ते गोडे करणारे यंत्र आता नौकांवर असते, पण त्याला वीज लागते, आणि वीज सौर पत्र्यांतून किंवा जनित्रातून. म्हणून आंघोळ खाऱ्या पाण्याने, शेवटचा तांब्या गोड्या पाण्याचा, आणि पाऊस आला की शिडावरून ओघळणारे पाणी बादलीत. भाजी पहिल्या दोन-तीन आठवड्यांची. कांदा, बटाटा, लसूण त्याहून टिकाऊ. पुढे गरम पाणी ओतून फुगवायचे सुके अन्न. सोलापूर जिल्ह्यातली कडक भाकरी या बाबतीत अव्वल ठरावी. पातळ थापलेली, पापडासारखी कडक होईपर्यंत भाजलेली ज्वारी-बाजरीची ही भाकरी दमट हवेपासून जपली तर कित्येक आठवडे टिकते, आणि शेंगदाण्याची चटणी तिच्यासोबत तितकीच टिकते. आगबोटींच्या आधी युरोपातले खलाशी ज्या कठीण बिस्किटांवर महासागर ओलांडत, त्यांच्यापेक्षा हे जेवण कितीतरी चवदार आहे.

फ्रीमँटल हे पश्चिम ऑस्ट्रेलियातले बंदर. स्वान नदीच्या मुखाशी असलेला चुनखडीचा उंबरा सुरुंगांनी फोडून आतले बंदर १८९७ मध्ये खुले केले गेले. बार्शी लाइट रेल्वेची पहिली अरुंद गाडी बार्शी रोडहून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, बार्शीला आली तेही १८९७. फ्रीमँटल गावात कैद्यांनी बांधलेला पांढऱ्या दगडाचा तुरुंग आहे, व्हिक्टोरियन बाजार आहे, आणि इटलीतून आलेल्या कोळ्यांच्या वंशजांची वस्ती. हे कोळी १९४८ पासून दरवर्षी मिरवणुकीने धक्क्यावर जाऊन मासेमारीच्या नौकांना आशीर्वाद देतात. कोकणात नारळी पौर्णिमेला आणि बार्शीकडे पोळ्याला जे होते त्याच घरचा हा सण. दुपारी समुद्रावरून थंड वारा सुटतो. स्थानिक लोक त्याला ‘फ्रीमँटलचा डॉक्टर’ म्हणतात, कारण तो आला की उन्हाने तापलेले गाव बरे होते. तिथली एक रीत आपल्याला चमत्कारिक वाटते: धक्क्यावर कोणतीही शिडाची नौका लागू लागली की अनोळखी माणूस पुढे होऊन तिचा दोर धरतो, बांधून देतो, आणि चौकशी न करता निघून जातो. आपल्याकडे मदत आधी होत नाही असे नाही, पण गाव कोणते, कुणाकडे आलात, एवढे विचारल्याशिवाय पाय निघत नाही. दोन्ही पद्धतींत आपुलकी आहे. आपल्या पद्धतीत चहाही मिळतो.

फ्रीमँटल सोडल्यावर ल्यूविन भूशिराला वळसा घालून नौका चाळिसाव्या अक्षांशाच्या खाली उतरते, आणि इथून खरा दक्षिण महासागर सुरू होतो. या पट्ट्यात पृथ्वीभोवती वाऱ्याला अडवणारी जमीन जवळजवळ नाही. कमी दाबाची क्षेत्रे पश्चिमेकडून पूर्वेकडे एकामागून एक जातात. प्रत्येकाच्या पुढे वारा वायव्येचा, मागे अचानक नैर्ऋत्येचा. आधीच्या वाऱ्याने उठवलेल्या लाटा अजून धावत असतानाच नव्या वाऱ्याच्या लाटा त्यांना तिरक्या छेदतात. नौका उलटते ती बहुधा अशा छेदावर.

नौका अशा वेळी यंत्र चालवते, पण यंत्रावर विसंबता येत नाही. स्वयंचलित सुकाणू दिशा धरून ठेवते; शीड कधी कमी करायचे हे माणसानेच ठरवायचे असते. शीड वेळेवर कमी केले नाही तर वाऱ्याने ते फाडले म्हणून समजावे. म्हणून जी जागी असते तिच्यावर दोन जबाबदाऱ्या: नौका सांभाळणे आणि झोपलेलीला उगाच न उठवणे. फार लवकर उठवले तर तिची झोप जाते आणि पुढच्या पाळीला ती चुकते. फार उशिरा उठवले तर दोघींनाही उपयोग नाही. जागरणाची पाळी साधारण तीन-चार तासांची, कडाक्याच्या थंडीत त्याहून कमी. सलग आठ तासांची झोप आठवडे न् आठवडे नाही. बार्शी तालुक्यात शेतीपंपाची वीज रात्रपाळीला आली की शेतकरी दोन वाजता उठून दारे धरायला जातो. त्याला निदान आठवड्याने दिवसपाळी येते, आणि पाणी चुकले तर एक वाफा जातो. इथे डेकवर येणारी प्रत्येक जण कमरेचा पट्टा नौकेच्या दोराला अडकवूनच बाहेर पडते. एकटी पाण्यात पडली तर आतली झोपलेली तिच्या पाळीला उठेपर्यंत नौका दहा-वीस मैल पुढे गेलेली असते.

भांडणे होतात का, हा प्रश्न अशा जोड्यांना हटकून विचारला जातो. होत असणारच, पण दोन माणसांच्या नौकेवर अबोला परवडत नाही, कारण पाळी बदलताना वारा, दाब, शीड, दिसलेले जहाज हे सगळे सांगावेच लागते. या दोघींनी निघण्यापूर्वी सुमारे तीन वर्षे एकत्र सराव केला होता. २०२३ मधली केपटाऊन ते रिओ ही शर्यतही त्यांनी ‘तारिणी’वरूनच केली होती. अभिलाष टॉमी त्यांचे मार्गदर्शक होते. लग्न ठरवतानाही आपल्याकडे एवढी पारख होत नाही.

न्यूझीलंडचे लिटलटन एका मृत ज्वालामुखीच्या मुखात वसले आहे. स्कॉट आणि शॅकल्टन यांच्या नौका दक्षिण ध्रुवाकडे इथूनच गेल्या. बंदरात शिरताच पहिला मुकाबला होतो तो जैवसुरक्षा अधिकाऱ्यांशी. मध, बिया, ताजी फळे, बुटांच्या तळव्याची माती, काहीही आत जाऊ देत नाहीत. शेतातून आलेल्या माणसाच्या वहाणेला माती असणार हे गृहीत धरणाऱ्या आपल्या लोकांना हा कडकपणा जाचक वाटतो. पण जिथे मेंढ्या आणि बागा यांवर देश चालतो तिथे परकी कीड ही चेष्टा नाही. गावाच्या टेकडीवर जहाजांना वेळ दाखवणारा दगडी मनोरा आहे. २२ फेब्रुवारी २०११च्या भूकंपात तो खिळखिळा झाला आणि त्याच वर्षीच्या जूनमधल्या धक्क्यात कोसळला. फेब्रुवारीच्या भूकंपाचा केंद्रबिंदू लिटलटनजवळच होता. क्राइस्टचर्च परिसरात १८५ माणसे गेली. मनोरा २०१८ मध्ये पुन्हा उभा राहिला. बार्शी भागात ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे घरे हादरली तेव्हा पूर्वेला किल्लारीकडे दगड-मातीच्या जाड भिंतींखाली दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. तिथे गावेच नव्या जागी वसवली गेली. लिटलटनकरांनी गाव हलवले नाही. जुन्याच उतारावर हलकी लाकडी घरे दुरुस्त करून ते राहिले. घर कशाचे आहे यावर किती अवलंबून असते हे या दोन गावांइतके स्पष्ट कुठे दिसत नाही.

लिटलटन ते पोर्ट स्टॅन्ली हा सर्वांत लांब आणि सर्वांत अवघड टप्पा. आधी आंतरराष्ट्रीय वाररेषा, मग जानेवारीच्या अखेरीस पॉइंट निमो. जमिनीपासून सर्वांत दूर असलेली समुद्रातली ही जागा. जवळच्या तिन्ही बेटांपासून ती सुमारे २,६८८ किलोमीटरवर आहे. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते, म्हणून ते डोक्यावरून जाते तेव्हा सर्वांत जवळची माणसे अंतराळात असतात. निकामी अवकाशयाने मुद्दाम याच भागात पाडली जातात. दोघींनी इथल्या पाण्याचे नमुने घेतले. ते दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसाठी होते. समुद्री जीव आणि प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण यांचा त्यांतून अभ्यास करायचा होता. थकलेल्या माणसाने उसळत्या डेकवर बाटली भरून तिच्यावर नोंद लिहिणे, याला वादळाशी झुंजण्याइतकेच श्रेय द्यायला हवे.

याच समुद्राने १९५७ मध्ये एका जोडप्याची परीक्षा पाहिली होती. माइल्स स्मीटन हे ब्रिटिशकालीन भारतीय सैन्यातले अधिकारी. पत्नी बेरिल, मित्र जॉन गझवेल आणि एक सयामी मांजर यांच्यासह ते ‘त्झू हँग’ या ४६ फुटी नौकेतून मेलबर्नहून केप हॉर्नकडे निघाले. १४ फेब्रुवारीला बेरिल सुकाणूवर असताना एका लाटेने पिछाडी उचलली आणि नौका नाळेवरून उलटी पालथी झाली. दोन्ही डोलकाठ्या गेल्या, डेकला मोठे भगदाड पडले, बेरिल कमरेचा दोर तुटून समुद्रात फेकली गेली. जखमी खांद्याने ती पोहत परत आली. बादल्यांनी पाणी उपसत, मोडक्या लाकडांची डोलकाठी करून त्यांनी सुमारे पाच आठवड्यांनी चिलीचा किनारा गाठला. मांजरही वाचले. त्याच वर्षी डिसेंबरात नवरा-बायको दोघेच पुन्हा निघाले आणि नौका पुन्हा उलटली. पुन्हा चिलीला परत. केप हॉर्न त्यांनी ओलांडले ते १९६८ मध्ये. एवढे होऊनही ही माणसे एकाच नौकेत राहिली, हे केप हॉर्नइतकेच अवघड असावे.

‘तारिणी’ने केप हॉर्न फेब्रुवारीच्या मध्याला मागे टाकले. या टप्प्यात वारा ५० नॉटपर्यंत, म्हणजे ताशी ९० किलोमीटरच्या वर गेला. केप हॉर्न आणि अंटार्क्टिका यांच्यामधली ड्रेक सामुद्रधुनी सुमारे ८०० किलोमीटर रुंद. हजारो किलोमीटर मोकळे धावत आलेले पाणी इथे चिंचोळ्या वाटेत कोंडते, आणि भूशिराजवळ समुद्रतळ चार हजार मीटरवरून शंभर-दोनशे मीटरवर चढतो. लाट पायाशी अडते आणि वरून तिचा कडा होतो. नौकेच्या आकाराचा इथे काही उपयोग नाही. हवामानाचा अंदाज घेऊन दोन वादळांमधल्या फटीतून निसटणे हेच इथले कौशल्य.

फॉकलंड बेटांवरचे पोर्ट स्टॅन्ली म्हणजे लाल-हिरव्या पत्र्यांच्या छपरांचे, तीन हजारांच्या आतबाहेर वस्तीचे गाव. झाडे नाहीतच म्हटले तरी चालेल, वारा सतत. चर्चबाहेर देवमाशाच्या जबड्यांची कमान आहे. १९८२च्या ब्रिटन-अर्जेंटिना युद्धातले भूसुरुंग काढायला २०२० साल उजाडले. माणसांपेक्षा मेंढ्या कितीतरी पट, पण आपल्या धनगरासारखा त्यांच्यामागे चालणारा कुणी दिसत नाही. तारेच्या कुंपणात त्या चरतात आणि मालक गाडीतून येऊन पाहून जातो. रस्त्यावर समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करायचा, ही इथली शिस्त. कामाच्या मधल्या सुट्टीत चहाबरोबर केकचे ताट निघते. आणि अगस्त्य तारा, बार्शीत क्षितिजालगत रेंगाळणारा, या गावात रात्री बरोबर डोक्यावर येतो.

दक्षिण अटलांटिक ओलांडून मार्चअखेरीस नौका केपटाऊनला लागली. सपाट माथ्याचा टेबल माउंटन, त्यावर पसरणारा ढग, आणि पायथ्याशी बो-काप ही रंगीत घरांची मुसलमान वस्ती. डच लोकांनी इथे आणलेल्या गुलामांत बंगाल, मलबार, कोरोमंडलची माणसे होती. त्यांच्यामुळे रोटी, समोसा, लोणचे आणि ‘चिली बाइट्स’ नावाने विकली जाणारी बेसनाची भजी हे इथले जेवण झाले आहे. महिनाभर सुके अन्न खाल्लेल्या माणसाला भज्यांचा वास देशात आल्यासारखा वाटत असेल. बार्शीकराला या शहराची दुसरी ओळख पटेल. २०१८ मध्ये केपटाऊनची धरणे तळाला गेली, तेव्हा माणशी दिवसाला ५० लिटर अशी मर्यादा आली. दोन मिनिटांत आंघोळ आणि त्याच पाण्यावर शौचालय. दोन वर्षे आधी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला पाणी नेणारी रेल्वे पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी या मार्गानेच धावली होती. पहिल्या फेरीत तिने पाच लाख लिटर पाणी नेले. पन्नास लिटरची चर्चा जगभर झाली. त्याहून कमी पाण्यात उन्हाळे काढणाऱ्या मराठवाड्याच्या वेशीवरच्या गावांची तेवढी झाली नाही.

केपटाऊनहून घरचा टप्पा. आफ्रिकेचे टोक मागे टाकून हिंदी महासागरात वर चढायचे, विषुववृत्त पुन्हा ओलांडायचे. वारा मे महिन्यात फिरतो आणि नैर्ऋत्येचा होतो. शिडाच्या जहाजांना अरबी समुद्र ओलांडायला शेकडो वर्षे याच वाऱ्याने मदत केली आहे. २०२५ मध्ये मोसमी पाऊस लवकर आला. २४ मे रोजी तो केरळात आणि २६ मे रोजी मुंबई, पुणे, सोलापूर या रेषेपर्यंत पोहोचला. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर ओतून सोलापूरपर्यंत येताना त्याच्यात वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच उरतात, पण तेवढ्यावरच इथली तूर आणि उडीद उभे राहतात. तीन दिवसांनी, २९ मे रोजी, ‘तारिणी’ मुरगावला लागली. आठ महिन्यांत २५ हजार सागरी मैलांच्या वर अंतर झाले होते.

दुसऱ्या दिवशी, ३० मे २०२५ रोजी, पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्यात १७ जणी होत्या. दिलना आणि रूपा नौदलात आल्या तेव्हा ही संस्था मुलींना बंद होती. तिथल्या कॅडेटना शिडाची नौका चालवायला शिकवतात ती समुद्रात नव्हे, खडकवासल्याच्या धरणातल्या पीकॉक बे या खाडीवजा पाण्यात. बार्शीच्या मुलीला समुद्राकाठी जन्म घ्यायची गरज त्यामुळे उरलेली नाही. प्रबोधिनीची प्रवेशपरीक्षा वर्षातून दोनदा होते, बारावीत शिकत असतानाही देता येते, आणि नौदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय घेतलेले असावे लागतात. अकरावीला विषय निवडतानाच हे घरात बोलले गेले पाहिजे.